पाणी कुठून आलं? मिनिआपोलिसच्या पडक्या गिरण्यांमध्ये

मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर, मिनिआपोलिस शहराच्या अगदी मध्यात, 'मिल रुइन्स पार्क' नावाची एक लहानशी बाग आहे. फुलांचे वाफे नाहीत, झोपाळे नाहीत. चुनखडीच्या दगडांच्या जाड अर्धवट भिंती, त्यांतल्या कमानी, खोलगट भागातून वाहणारं पाणी, एक फळ्यांचा रस्ता आणि थोडे माहितीफलक. शेजारच्या दगडी कमानींच्या पुलावर लोक हौसेने फोटो काढतात. त्यातले बरेच जण खाली उतरतच नाहीत. उतरले तरी पाच मिनिटांत वर येतात, कारण भिंत बघून भिंतच दिसते.

आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना इथे आणायचं काम माझ्याकडे आलं. दहा-बारा वर्षांची मुलं, सगळी याच शहरात जन्मलेली. त्यांना पडक्या भिंतींपुढे उभं करून सनावळ्या सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. इथे काम कसं चालायचं हे त्यांना कळायला हवं होतं आणि त्यासाठी आधी ते मला कळायला हवं होतं. नेमके त्या उन्हाळ्यात बाबा परळहून सहा महिन्यांसाठी आले होते. १९८२ च्या संपापर्यंत ते कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांना म्हटलं, "बाबा, इथेही गिरणगाव होतं. चला." कपड्याच्या नव्हे, पिठाच्या गिरण्या आहेत असं सांगितल्यावर ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "गिरणी ती गिरणी. चाक कशावर फिरायचं ते बघू."

हा प्रश्न पुढचे सगळे आठवडे आम्हाला पुरला.

बागेला लागूनच वॉशबर्न ए मिलची इमारत आहे आणि आम्ही सुरुवात तिथून केली. १९६५ साली ती बंद पडली, १९९१ च्या आगीत आतून जळून गेली आणि २००३ साली तिच्या पडक्या भिंतींच्या आतच 'मिल सिटी म्युझियम' उभं राहिलं. जळलेल्या भिंती पाडल्या नाहीत, पूर्ववतही केल्या नाहीत. त्या सावरून धरल्या आणि मधल्या मोकळ्या जागेचा चौक केला. वर आभाळ, चारी बाजूंना खिडक्यांची रिकामी भोकं. या निर्णयाबद्दल मला या शहराविषयी मनापासून आदर वाटतो. नवी कोरी गिरणी बांधून दाखवली असती तर ती देखावा झाली असती.

संग्रहालयात 'फ्लावर टॉवर' म्हणून एक प्रकार आहे. माल चढवायच्या मोठ्या लिफ्टमध्ये बाकं मांडली आहेत. तिथे बसायचं आणि लिफ्ट मजल्यामजल्यांवरून वरखाली जाते. दार उघडतं तसतशी यंत्रं, पट्टे, पिठाच्या गोण्या असे देखावे दिसतात आणि त्या गिरणीत खरोखर काम केलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. इंग्रजी बोलणं भराभर चाललेलं. मी बाबांच्या कानाशी मराठीत सांगत होते, पण थोड्या वेळाने त्यांनी हातानेच मला थांबवलं. यंत्रांची घरघर सुरू झाली होती आणि जमीन हलत होती. त्यांना भाषांतराची गरज उरली नव्हती.

बाहेर आल्यावर त्यांनी मला जे समजावलं ते कुठल्याही फलकापेक्षा स्वच्छ होतं. ते म्हणाले, "गहू एकदाच वर जातो. मग नुसता खाली पडत राहतो." खरंच तसं आहे. आगगाडीने आलेला गहू बादल्यांच्या पट्ट्याने सर्वात वरच्या मजल्यावर चढवायचा आणि पुढे वजनानेच तो खाली यायचा. साफ व्हायचा, भरडला जायचा, चाळला जायचा आणि पुन्हा दळायचं राहिलं असेल ते पुन्हा वर जायचं. सात-आठ मजली गिरणी बांधायचं कारण एवढंच होतं. गव्हाला पडायला उंची हवी.

पाण्याचंही तसंच, फक्त ते उलट्या बाजूने समजून घ्यावं लागतं. त्यासाठी आम्ही बागेत उतरलो.

मी ठरवलं की पाणी जिथे नदीला मिळतं तिथून मागे मागे जायचं. बागेच्या तळाशी दगडी कमानींतून पाणी बाहेर पडतं आणि एका चराने नदीत जातं. याला टेलरेस म्हणतात, म्हणजे काम करून दमलेल्या पाण्याची परतीची वाट. कमानीपाशी उभं राहून आत पाहिलं की काळोखात एक बोगदा मागे गेलेला दिसतो. त्याच्या वरच्या अंगाला गिरणीच्या पायाच्या भिंती आहेत. त्या भिंतींच्या आत, खोल विहिरीसारख्या खड्ड्याच्या तळाशी, टर्बाइन असायचं. मोठ्या नळातून पाणी सरळ खाली कोसळायचं, टर्बाइनची पाती फिरवायचं आणि बोगद्यातून निघून जायचं. टर्बाइनला जोडलेला उभा दांडा गिरणीत वर जायचा आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे मजल्यामजल्यावरची यंत्रं फिरवायचे. बाबांना पट्टे म्हटल्याबरोबर सगळं दिसलं. जुन्या कापडगिरण्यांतही एकाच दांड्यावरून खातंच्या खातं चालायचं, हे त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलं होतं.

मग वर. फळ्यांच्या रस्त्यावरून चढून आम्ही वरच्या डांबरी रस्त्यावर आलो आणि तिथे थोडा वेळ अडलो, कारण पाणी कुठून आलं ते दिसेना. उत्तर पायांखाली होतं. नदीला समांतर एक कालवा १८५७ साली खोदायला घेतला होता, पुढे तो लांबवला आणि खोलही केला. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी दारांतून आत घ्यायचं, कालव्याच्या दोन्ही बाजूंना गिरण्या आणि प्रत्येक गिरणी आपापल्या वाटेने त्यातून पाणी ओढायची. कालव्यावर फळ्या टाकून रस्ता केलेला होता. बैलगाड्या, घोडागाड्या वरून आणि पाणी खालून. गिरण्या गेल्यावर १९६० च्या सुमारास तो कालवा बुजवला. आज त्याच्यावर सायकली धावतात. त्या रस्त्याने चालत आम्ही धबधब्याच्या वरच्या अंगाला गेलो, तेव्हा कुठे सगळी वाट डोक्यात जुळली: नदी, दार, कालवा, नळ, टर्बाइन, बोगदा, पुन्हा नदी. मधे जेवढी उंची पडते तेवढीच काय ती ताकद. अख्खं शहर त्या उंचीवर उभं राहिलं.

तो धबधबा म्हणजे सेंट अँथनी फॉल्स. मिसिसिपीच्या सगळ्या प्रवाहातला हा एकमेव मोठा धबधबा. १६८० साली फादर लुई हेनेपिन या बेल्जियन धर्मगुरूने त्याला आपल्या संताचं नाव दिलं. इथले मूळनिवासी डकोटा लोक त्याला आधीपासून ओवामनियोम्नी म्हणत आले आहेत आणि त्यांच्यासाठी ती पवित्र जागा आहे. वर चुनखडीचा कठीण थर आणि त्याखाली भुसभुशीत वालुकाश्म, अशी त्याची घडण आहे. खालचा दगड मऊ, म्हणून गिरणीमालकांना बोगदे सहज खोदता आले. आणि तोच मऊ दगड एकदा शहराच्या अंगाशी आला होता. १८६९ साली वरच्या निकोलेट बेटाकडे गिरण्यांसाठी आणखी एक बोगदा खोदला जात होता. त्यात नदीचं पाणी घुसलं आणि दगड आतून वाहून जायला लागला. धबधबाच कोसळून नुसता उतार उरेल अशी वेळ आली. शहरातल्या माणसांनी मिळेल ते आत टाकून भगदाड बुजवायचा प्रयत्न केला. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी जमिनीखाली काँक्रीटची भिंत घातली आणि धबधब्यावर उतरता बांध बसवला. आज दिसतो तो धबधबा म्हणूनच इतका सरळ, आखीव दिसतो. पडणारं पाणी नदीचं आहे, पडायची रीत माणसांनी बांधलेली आहे.

गव्हाच्या बाजूचा एक भाग मात्र मला बाबांपेक्षा लवकर कळला. मिनेसोटा आणि डकोटाच्या थंड मुलखात पिकतो तो वसंतात पेरलेला, कडक, लालसर गहू. त्याचं टरफल ठिसूळ असतं. जात्याच्या दगडांखाली त्याचा चुरा होऊन तो पिठात मिसळायचा, पीठ काळपट व्हायचं आणि बाजारात मार खायचं. दाण्याचा सगळ्यात चांगला भाग रव्यासारखा वेगळा पडायचा, पण त्यालाही कोंडा चिकटलेला असायचा. १८७१ च्या सुमारास वॉशबर्नच्या गिरणीत एडमंड लाक्रोआ आणि जॉर्ज ख्रिश्चन यांनी एक यंत्र बसवलं. हलती चाळणी आणि खालून हवेचा झोत. कोंडा हलका, तो उडून बाजूला, आणि रवा खाली. आपण सुपात पाखडतो ना, अगदी तेच. तो स्वच्छ रवा पुन्हा दळला की पांढरंशुभ्र, चिवट पीठ मिळे. ज्या गव्हाला कुणी विचारत नव्हतं तोच सगळ्यात महाग झाला. १८८० पासून १९३० पर्यंत हे शहर जगातलं पिठाचं सर्वात मोठं केंद्र होतं. वॉशबर्न ए गिरणी भरात असताना तिच्या एका दिवसाच्या पिठातून एक कोटी वीस लाख पाव होतील, असं संग्रहालयात सांगतात. वॉशबर्नच्या कंपनीच्या पिठाला १८८० साली सिनसिनाटीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं आणि तेव्हापासून 'गोल्ड मेडल' हे पिठाचं नावच झालं. आमच्या इथल्या दुकानांत त्याच्या पिशव्या आजही फडताळावर असतात.

पण हवेचा झोत म्हणजे धूळ. पिठाची बारीक धूळ हवेत तरंगत असली आणि ठिणगी पडली तर ती दारूसारखी पेटते. २ मे १८७८ च्या संध्याकाळी वॉशबर्न ए गिरणीत तेच झालं. जात्याच्या दगडांत गहू नसताना दगडावर दगड घासून ठिणगी उडाली असावी, असं कारण देतात. गिरणी मुळापासून उडाली, शेजारच्या गिरण्याही गेल्या. १८ कामगार मेले. त्यातले १४ ए गिरणीतले होते, त्या वेळी आत असलेले सगळे.

हे मी चौकातल्या भिंतीजवळ उभी राहून बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "पाळी कुठली होती?"

मी शोधलं होतं म्हणून सांगता आलं. दिवसपाळीची माणसं नुकतीच घरी गेली होती. ती सुमारे दोनशे होती. रातपाळी कामाला लागली होती, ती चौदा जणांची. बाबा बराच वेळ त्या भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी त्यांच्या खात्यातल्या एका बदली कामगाराची गोष्ट सांगितली, जी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. ती त्यांची आहे, इथे लिहीत नाही.

त्या स्फोटानंतर मिनेसोटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी प्रयोग करून पिठाची धूळ पेटते हे दाखवलं. विल्यम डे ला बार या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्याने धूळ ओढून घेणारी व्यवस्था बसवली. दगडी जात्यांच्या जागी हळूहळू लोखंडी रोलर आले. १८८० साली नवी ए गिरणी उभी राहिली, तीच आज आपण पडकी बघतो. लेकवुड दफनभूमीत त्या १८ जणांचं स्मारक आहे. बागेपासून गाडीने फार लांब नाही. आम्ही तिथेही गेलो आणि माझ्या मते बागेची भेट त्याशिवाय पुरी होत नाही. बागेतल्या फलकांवर यंत्रं, मालक आणि अभियंते पुरेसे आहेत. गोण्या उचलणारी माणसं कमी आहेत. १९०३ साली इथल्या पीठगिरणी कामगारांनी आठ तासांच्या पाळीसाठी संप केला होता आणि तो मोडून काढला गेला. बाबांना बागेबद्दल सगळ्यात जास्त आठवतं ते हेच, आणि ते मला बागेबाहेर वाचून मिळालं.

गिरण्या कशा गेल्या याला मी मुलांपुढे फार वेळ दिला नाही. धान्याच्या वाहतुकीचे दर बदलले, धंदा बफेलो शहराकडे सरकला, विजेने धबधब्याजवळच असण्याचं कारण संपवलं. १९३० च्या आसपास कालव्याकाठच्या बऱ्याच गिरण्या पाडल्या गेल्या आणि पाये वाळू-खडीखाली गाडले गेले. पुढे पुरातत्त्व अभ्यासकांनी ते उकरून काढले आणि २००१ साली बाग खुली झाली. गाडलेलं बाहेर काढताना त्यांनी परतीच्या चरात पाणीही पुन्हा सोडलं. या बागेचं सगळं मोल मला त्या पाण्यात वाटतं. कोरड्या कमानीवरून काहीच कळलं नसतं.

हे बघताना परळ आठवणं अटळ होतं. मुंबईतल्या ५८ गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीत कलम ५८ होतं: गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली त्यात बदल झाला आणि ती वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. बागांसाठी येऊ शकली असती ती बहुतेक जमीन गेली. काही ठिकाणी धुराडं ठेवलं आहे, काचेच्या इमारतींमध्ये उभं. पण कापूस कुठून आत यायचा, वाफ कुठे तयार व्हायची, साचे कुठल्या मजल्यावर होते, हे त्या धुराड्याकडे बघून कुणालाही सांगता येणार नाही. मला याचं दुःख आहे आणि इथे त्या चरातलं पाणी बघताना ते वाढलं.

मुलांना आणलं तो मे महिन्यातला शनिवार होता. बर्फ वितळून नदी भरलेली, धबधब्याचा आवाज लांबूनच येत होता. मी कागद वाटले नाहीत. टेलरेसच्या कमानीपाशी उभं केलं आणि बाबांनी मला दिलेला प्रश्न त्यांना दिला: चाक कशावर फिरायचं? मुलं पाण्यात काठ्या सोडून ते कुठल्या दिशेने जातं ते बघत बसली. एका मुलीने बोगद्यात वाकून हाक मारली आणि आवाज किती उशिरा परत येतो त्यावरून तो लांब आहे हे ठरवलं. मग सगळे वर धावले. कालवा रस्त्याखाली आहे हे सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, एका मुलाने भिंतीतली बंद केलेली कमान आणि रस्त्याची उंची बघून ते ओळखलं. बाबा त्यांच्यामागून सावकाश चालत होते आणि मुलं त्यांना "आजोबा, तुमच्या मिलमध्ये पण पाणी होतं का?" असं विचारत होती. ते म्हणाले, "आमच्यात आधी वाफ, नंतर वीज. पण भोंगा होता." मग भोंगा कसा वाजायचा ते काढून दाखवावं लागलं. पुलावरची माणसं वळून बघायला लागली.

एका प्रश्नाला मात्र माझी तयारी अपुरी पडली असती, पण तोपर्यंत मी वाचलं होतं. धबधब्याखाली जुन्या चित्रांत एक बेट दिसतं, ते कुठे आहे? स्पिरिट आयलंड. डकोटांच्या दृष्टीने पवित्र असलेलं ते बेट चुनखडीसाठी खणत खणत लहान झालं आणि जहाजांना धबधब्यापाशी वर-खाली नेणारा पाणदरवाजा बांधायच्या वेळी, १९६० च्या सुमारास, उरलंसुरलंही काढून टाकलं. तो वरचा पाणदरवाजा १९६३ साली सुरू झाला आणि २०१५ साली परक्या जातीचे कार्प मासे वर चढू नयेत म्हणून बंद झाला. बावन्न वर्षांच्या वाहतुकीसाठी ते बेट गेलं. मुलांना हे फार लागलं. बागेच्या थोडं वर, जुन्या गिरण्यांच्या भिंती आत घेऊन बांधलेल्या इमारतीत, २०२१ साली शॉन शर्मन यांनी 'ओवामनी' हे मूळनिवासी खाद्यपदार्थांचं उपाहारगृह सुरू केलं. त्यांच्या स्वयंपाकात गव्हाचं पीठच नसतं. पिठाच्या राजधानीच्या भिंतींमध्ये ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि मुलांनाही ती तशीच सांगितली.

कुणी जाणार असेल तर याच क्रमाने जावं असं मी सांगेन: आधी म्युझियमची लिफ्ट, मग खाली टेलरेस, तिथून पाण्याच्या उलट दिशेने वर धबधब्यापर्यंत, आणि वेळ काढून लेकवुड. शेवटी गथ्री थिएटरच्या नदीवर झेपावलेल्या सज्जात उभं राहावं. तिथून भिंती, पूल, पाणदरवाजा आणि धबधबा एका नजरेत येतात.

बाबा परत गेले आहेत. आता रविवारी फोनवर मी त्यांच्या गिरणीची वाट लिहून घेते आहे, कापसाच्या गाठीपासून कापडाच्या तागापर्यंत, खातं सोडून उडी न मारता. मी घाईने साच्यांबद्दल विचारलं की ते अडवतात. म्हणतात, "थांब. अजून सूत सायझिंगला, खळ लावायला, गेलेलं नाही." गेल्या रविवारी आम्ही वायंडिंगपर्यंत, सूत गुंडाळण्यापर्यंत, आलो.